विश्लेषण : पत्र्यापासून बनलेली ‘एमजी ४२’ दुसऱ्या महायुद्धात इतकी धोकादायक का ठरली?

१० जुलै १९४४. इटलीतील अपर टायबर खोरे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक कंपनी शत्रूच्या मजबूत ठाण्यावर चाल करून गेली. नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि घाडगे वगळता सेक्शनमधील प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. सोबत कोणी उरलेले नाही हे माहीत असूनही घाडगे मशिनगनच्या दिशेने धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती मशिनगन आणि ती चालवणारा सैनिक दोघांनाही निकामी केले. तिथल्या एकाला टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा टॉमीगन नळीच्या बाजूने धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवले. त्यानंतर स्नायपरच्या गोळ्या लागून त्याच ठाण्यात त्यांना वीरमरण आले. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील या जवानाचे वय होते अवघे २२ वर्षे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

एक मशिनगन काही क्षणांत अख्खे सेक्शन कसे संपवू शकते? याचे उत्तर शोधायचे तर त्या काळात जर्मन पायदळाचा कणा असलेल्या ‘एमजी ४२’ या मशिनगनकडे पाहावे लागते. तिचा वेग सर्वांना माहीत आहे. पण ती बनवण्यामागचा विचार, तिच्या मर्यादा आणि तिला भिडण्याच्या पद्धती याविषयी फारसे बोलले जात नाही.

हाताशी एक मशिनगन असताना दुसरी कशासाठी?

पहिल्या महायुद्धात मशिनगनचे दोन ढोबळ प्रकार होते. एक जड, पाण्याने थंड होणारी आणि तिवईवर बसवलेली. ब्रिटिशांची व्हिकर्स या प्रकारातली. तिवई आणि पाण्यासह तिचे वजन सुमारे ४० किलोपर्यंत जाई. दुसरी हलकी, एका सैनिकाला उचलून पळता येईल अशी. जर्मनीने १९३० च्या दशकात ही दोन्ही कामे एकाच बंदुकीकडून करून घ्यायची ठरवली. दोन पायांच्या स्टँडवर ठेवली की ती हलकी मशिनगन आणि तिवईवर चढवली की जड मशिनगन. या कल्पनेतून ‘एमजी ३४’ तयार झाली. ‘एमजी’ म्हणजे जर्मन भाषेत मशिनगनच.

‘एमजी ३४’ उत्तम होती, पण ती महाग पडत होती. तिचे बरेचसे भाग पोलादाच्या ठोकळ्यांतून कोरून काढावे लागत. लेथ आणि मिलिंग मशिनवर तासन् तास काम चाले. कुशल कारागीर लागत आणि निम्म्याहून अधिक पोलाद भुश्शाच्या रूपाने वाया जाई. भाग एकमेकांत इतके घट्ट बसत, की धूळ किंवा चिखल आत गेला की बंदूक अडकण्याची शक्यता वाढे. लाखो सैनिकांचे लष्कर उभे करायचे असेल तर या गतीने मशिनगन पुरणार नव्हत्या. त्यामुळे तेच काम करणारी, पण झटपट आणि स्वस्तात बनणारी बंदूक हवी होती.

पत्र्याची बंदूक कोणी बनवली?

जर्मन लष्कराने तीन कंपन्यांकडून आराखडे मागवले. त्यातल्या सॅक्सनी प्रांतातील ड्योबेलन गावच्या ‘ग्रोसफुस’ या कंपनीला शस्त्रे बनवण्याचा अनुभवच नव्हता. पत्र्याला प्रेसमध्ये आकार देऊन वस्तू बनवणे हा तिचा धंदा होता. तिथले अभियंता वेर्नर ग्रुनर हेसुद्धा बंदुकांचे नव्हे, तर घाऊक उत्पादनाचे तज्ज्ञ होते. मशिनगन म्हणजे काय आणि सैनिकाला ती वापरताना काय अडचणी येतात हे समजून घेण्यासाठी ते लष्कराच्या मशिनगन प्रशिक्षणात सहभागी झाले.

चाकण किंवा भोसरीतील एखाद्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही ग्रुनर यांची कल्पना लगेच समजेल. पोलादी पत्रा डायवर ठेवायचा, प्रेसचा दाब द्यायचा आणि एका फटक्यात हवा तो आकार मिळवायचा. मोटारीचे दरवाजे असेच बनतात. मग असे भाग वेल्डिंग आणि रिव्हेटने जोडायचे. ‘एमजी ४२’ची बाहेरची संपूर्ण चौकट, तसेच नळीभोवतीचे जाळीदार आवरण या पद्धतीने बनवण्यात आले. ज्यांवर खरा ताण येतो ते नळी आणि बोल्टसारखे मोजके भागच मशिनिंग करून बनवले जात.

फरक आकड्यांत दिसतो. ‘एमजी ३४’ला सुमारे १५० मनुष्यतास लागत, तर ‘एमजी ४२’ला साधारण ७५. खर्च ३२७ राइशमार्कवरून २५० राइशमार्कवर आला. भागांमध्ये थोडी मोकळीक असल्याने चिखल, धूळ आणि रशियातील बर्फातही ती कमी अडकत असे. युद्ध संपेपर्यंत अशा चार लाखांहून अधिक मशिनगन तयार झाल्या.

या स्वस्ताईची दुसरी बाजूही आहे. युद्धकाळात जर्मनीचे शस्त्र उत्पादन मोठ्या प्रमाणावर वेठबिगारीवर चालत होते. व्यापलेल्या देशांतून पकडून आणलेले नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी यांच्याकडून कारखान्यांत सक्तीने काम करून घेतले जाई. मनुष्यतासांच्या हिशेबात त्यांची किंमत कुठेच येत नाही.

सेकंदाला २० गोळ्या सुटतात त्या कशा?

मशिनगनमध्ये गोळी सुटताना नळीचे मागचे तोंड घट्ट बंद असावे लागते. नाहीतर पेटलेल्या दारूचा दाब मागे येऊन बंदूकच फुटेल. हे तोंड बंद ठेवणारा पोलादी ठोकळा म्हणजे बोल्ट. गोळी बाहेर पडेपर्यंत बोल्ट अडकलेला हवा आणि पडताच तो मोकळा व्हायला हवा. ही उघडझाप जितकी चटकन होईल, तितका बंदुकीचा वेग जास्त.

‘एमजी ४२’मध्ये बोल्टच्या डोक्याला दोन्ही बाजूंना एकेक छोटा रोलर आहे. बोल्ट पुढे आला की हे रोलर बाहेर सरकून नळीमागच्या खाचांत बसतात, म्हणजे कडी लागते. गोळी सुटताच बसणाऱ्या धक्क्याने नळी आणि बोल्ट दोन्ही एकत्र थोडेसे मागे सरकतात. तेवढ्यात उतरत्या कडा रोलरना आत ढकलतात आणि कडी निघते. नळी तिथेच थांबते, मोकळा झालेला बोल्ट मागे जातो, रिकामे काडतूस खाली टाकतो आणि स्प्रिंगच्या जोरावर नवे काडतूस घेऊन पुन्हा पुढे येतो.

यात आणखी एक युक्ती होती. नळीच्या तोंडाशी बसवलेली टोपी बाहेर पडणारा वायू क्षणभर अडवते आणि त्याच्या दाबाने नळीला मागे ढकलायला मदत करते. हलका बोल्ट, झटकन सुटणारी कडी आणि वायूचा हा जादा धक्का यांच्या एकत्रित परिणामाने वेग मिनिटाला सुमारे १२०० गोळ्यांपर्यंत गेला. बोल्टच्या वजनानुसार तो कमी-जास्त होई. त्याच काळातील ब्रिटिश आणि भारतीय सैन्याच्या ब्रेनगनचा वेग होता मिनिटाला सुमारे ५००.

इतक्या वेगात कानाला एकेक गोळी वेगळी ऐकू येत नाही. जाड कापड टरकन फाडावे तसा सलग आवाज येतो. त्यावरूनच तिला ‘हिटलरची करवत’ म्हटले जाऊ लागले. ब्रिटिश सैनिक जर्मनांच्या सगळ्याच मशिनगनना सरसकट ‘स्पँडाऊ’ म्हणत.

एवढा वेग कशासाठी हवा होता?

जर्मन लष्कराचा हिशेब सोपा होता. लढाईत शत्रूचा सैनिक उघड्यावर फार वेळ थांबत नाही. तो एका आडोशाकडून दुसऱ्याकडे पळतो. दिसतो तेवढ्या वेळात जास्तीत जास्त गोळ्या त्या जागी पोहोचल्या पाहिजेत. समजा, तो दोन सेकंद उघड्यावर आला, तर ब्रेनगनमधून १६-१७ गोळ्या सुटतील आणि ‘एमजी ४२’मधून ४०.

तिवईवर चढवल्यावर ही बंदूक आणखी घातक होई. तिवईत धक्का शोषणारी रचना होती, दुर्बिणीतून नेम धरता येत असे आणि सैनिकाला डोके खाली ठेवूनही चाप ओढता येत असे. दोन मशिनगन दोन बाजूंना लपवून त्यांचा मारा मधल्या मोकळ्या जागेत एकमेकांना छेदेल अशी मांडणी केली जाई. मग नदीचा काठ, शेत किंवा डोंगरउतार ओलांडणाऱ्या तुकडीला कुठल्याच बाजूने आडोसा उरत नसे. इटलीतील नद्या आणि डोंगररांगा अशा मांडणीसाठी सोयीच्या होत्या.

तुकडीची रचनाच वेगळी होती का?

होय, आणि हा मुद्दा बंदुकीच्या वेगाइतकाच महत्त्वाचा आहे. ब्रिटिश, भारतीय किंवा अमेरिकी सेक्शनमध्ये रायफलधारी सैनिक मुख्य असत आणि हलकी मशिनगन त्यांना पाठबळ देई. जर्मन तुकडीत हे उलटे होते. मशिनगन मुख्य आणि बाकीचे तिच्यासाठी. कोणी गोळ्यांचे पट्टे वाहायचे, कोणी जादा नळ्या, तर कोणी मशिनगनच्या बाजूंचे रक्षण करायचे. चालवणारा पडला की दुसऱ्याने तिचा ताबा घ्यायचा.

म्हणूनच युद्धाच्या शेवटी मनुष्यबळ घटलेल्या जर्मन तुकड्याही ठाणे बराच काळ धरून ठेवू शकत. दहापैकी चार-पाच जण उरले आणि मशिनगन चालू असली, तर तुकडीची बरीचशी मारकशक्ती शाबूत असे.

मग या मशिनगनमध्ये उणीव काय होती?

जो तिचा गुण, तोच तिचा दोष. ५० गोळ्यांचा पट्टा अडीच सेकंदांत संपतो. चाप दाबून ठेवला तर एका मिनिटात लागणाऱ्या गोळ्यांचे वजनच ३० किलोच्या आसपास भरते. एवढ्या गोळ्या आघाडीवर पाठीवरून वाहून न्यायच्या असतात. त्यामुळे प्रत्यक्षात सैनिकांना पाच-सात गोळ्यांचे छोटे फटकारे मारायलाच शिकवले जाई. मिनिटाला १२०० हा यंत्राचा वेग आहे, दिवसभराच्या लढाईचा नाही.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. इथे पाण्याचे आवरण नाही, फक्त हवा. जलद मारा केला तर दीडशे ते अडीचशे गोळ्यांनंतर नळी बदलावी लागे, अन्यथा ती झिजे आणि नेम बिघडे. यावर ग्रुनर यांनी दिलेले उत्तर साधे होते. आवरणाच्या उजव्या बाजूला लांब खाच होती. मागचा खटका ओढला की तापलेली नळी बाजूने बाहेर येई आणि नवी आत सरकवता येई. सरावलेला सैनिक हे काम पाच ते सात सेकंदांत करत असे. लालबुंद नळी धरण्यासाठी उष्णतारोधक कापडाची घडी सोबत असे. तरीही तेवढे काही सेकंद मशिनगन गप्प राही. तसेच जोरदार हादऱ्यांमुळे दोन पायांच्या स्टँडवरून लांबचा नेम धरणे कठीण जाई. एकेक गोळी झाडण्याची सोयही तिच्यात नव्हती.

मित्रराष्ट्रांनी काय केले?

या आवाजाची धास्ती इतकी होती, की अमेरिकेच्या युद्ध खात्याने आपल्या सैनिकांसाठी खास प्रशिक्षणपट तयार केला. नुसत्या वेगाने लढाई जिंकता येत नाही, अमेरिकी मशिनगनचा नेम अधिक अचूक आहे, असे त्यात पटवून देण्याचा प्रयत्न होता. दुसरीकडे अमेरिकेने याच जर्मन बंदुकीची नक्कल करण्याचाही घाट घातला. ‘टी २४’ नावाने नमुनेही तयार झाले. पण अमेरिकी काडतूस जर्मन काडतुसापेक्षा लांब होते, ५७ ऐवजी ६३ मिलिमीटर. आराखड्यात या लांबीचा नीट हिशेब धरला गेला नाही. रिकामी काडतुसे बाहेर पडायला पुरेशी जागाच उरली नाही, बंदूक सारखी अडकू लागली आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. काही मिलिमीटरची चूक काय करू शकते, याचे हे उदाहरण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे.

रणांगणावरचे उत्तर वेगळे होते. मशिनगनची जागा हेरायची. तोफा आणि उखळी तोफांनी तिला दबवायचे. धुराचा पडदा करायचा. ब्रेनगनने समोरून गुंतवून ठेवत दुसऱ्या गटाने बाजूने जायचे. मारा थांबला की त्या क्षणात पुढे सरकायचे. शेवटच्या काही मीटरवर मात्र कोणाला तरी उठून हातबॉम्ब फेकावाच लागे. वरच्या सगळ्या उपायांनंतरही हे अंतर माणसालाच कापावे लागत होते.

सेनिओ नदीवर काय घडले?

९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी हेच अंतर तीनदा कापले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे जाधव मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये कंपनीचे निरोप्ये होते. नदीच्या दोन्ही काठांवर उंच बांध होते आणि त्यांत जर्मनांनी मशिनगन लपवल्या होत्या. नदी ओलांडताना कंपनीची मोठी हानी झाली. जाधव यांनी आधी दोन जखमी सहकाऱ्यांना एकामागून एक, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून, गोळीबार सुरू असताना सुरक्षित जागी नेले.

त्यानंतर ते परत फिरले. पहिली मशिनगन त्यांनी टॉमीगनने शांत केली. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती फेकून हातबॉम्ब घेतले आणि आणखी दोन ठाणी उद्ध्वस्त केली. मधेच हातबॉम्ब संपले म्हणून बांधावर सरपटत जाऊन ते पुन्हा आणले. काठावरचा मशिनगनचा मारा थांबल्यावर, उखळी तोफांचे गोळे पडत असताना, ते बांधावर उभे राहिले आणि मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना पुढे येण्याची खूण करू लागले. जाधव या लढाईतून वाचले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. ५० हजारांहून अधिक भारतीय सैनिक त्यात होते आणि त्यांपैकी ५,७८२ जण मृत्युमुखी पडले. या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैन्यातील जवानांना मिळाले. यशवंत घाडगे यांचे नाव कसिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने गावाने त्यांच्या नावाने स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे.

युद्ध संपल्यावर ‘एमजी ४२’चे काय झाले?

जर्मनी हरली, पण बंदूक टिकली. युगोस्लाव्हियाने तीच रचना ‘एम ५३’ नावाने बनवली. पश्चिम जर्मनीने नाटोच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी तिच्यात बदल केले आणि त्यातून पुढे ‘एमजी ३’ तयार झाली. इटली, तुर्कस्तान, ग्रीस, इराण आणि पाकिस्तान यांनीही तिच्या आवृत्त्या परवान्याखाली बनवल्या. वेर्नर ग्रुनर युद्धानंतर सोव्हिएत संघात काही काळ काम करून पूर्व जर्मनीत परतले. ते ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात शेतीच्या यंत्रांचे प्राध्यापक झाले आणि पुढे तिथले कुलगुरूही.

भारताचा या बंदुकीशी संबंध थेट नाही, पण आहे. बेल्जियमच्या ‘एफएन’ कंपनीने १९५० च्या दशकात ‘एमएजी’ ही मशिनगन तयार केली. तिचा बोल्ट आणि कडीची रचना अमेरिकी ब्राउनिंग रायफलवरून घेतली, तर गोळ्यांचा पट्टा आत ओढणारी यंत्रणा ‘एमजी ४२’वरून. ही ‘एमएजी’ भारतीय लष्कर वापरते आणि ती भारतात परवान्याखाली बनते. पाकिस्तानी लष्कराकडे वाह येथील आयुध कारखान्यात बनलेली ‘एमजी ३’ आहे. म्हणजे ड्योबेलनच्या पत्र्याच्या कारखान्यात आखलेला एक भाग नियंत्रण रेषेच्या एका बाजूला आजही पट्टा ओढतो आहे आणि जवळपास पूर्ण बंदूक दुसऱ्या बाजूला आहे.